घरगाडीवरची लाल फुली

गाड्या रंगवणाऱ्याला लोक कायम एकच गोष्ट विचारतात. कुठला रंग चांगला टिकतो? आयुष्यभर मी नगरात गाड्या रंगवल्या आणि आयुष्यभर एकच उत्तर दिलं, की रंग टिकत नाही, रंगाखालचं काम टिकतं. गिऱ्हाईक शहाण्यासारखी मान डोलवायचं आणि पुन्हा विचारायचं, "ते खरंच आहे हो, पण रंग कुठला?"

धंदा सोडून बरीच वर्षं झाली, तरी उभ्या गाडीच्या पत्र्यावर टिचकी मारायची खोड काही जात नाही. धडधाकट पत्रा खणखणतो. आतून कुजलेला आणि वरून लांबी थापलेला पत्रा बद्द वाजतो. लांबी म्हणजे खळगे बुजवायचा आमचा लगदा. तो हातात आला की लबाडी करायचा मोह प्रत्येक पेंटरला होतो, मलाही झालेला आहे. एकदा मी रस्त्यात एका फौजदाराच्या जीपवर टिचकी मारली. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "साहेब, डाव्या चाकावरचा पत्रा गेलाय, नुसती लांबी आहे," असं सांगितलं तेव्हा कुठे सुटका झाली. आठवड्यानं तीच जीप माझ्या शेडमध्ये कामाला आली.

शेड स्टेशन रस्त्याला होती, माझी आणि रहीमभाईंची मिळून. पत्रा त्यांचा, रंग माझा. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, कामाला चोख आणि तोंडानं फटकळ. त्यांची एक पांढरी-काळी बकरी दिवसभर शेडमध्ये हिंडायची. तिनं माझे ब्रश, पत्रा घासायचे पाणी-पेपर, एकदा तर एका वकिलाचं टपाल खाल्लं. मी तक्रार केली की रहीमभाई म्हणायचे, "उसकू भूक लगती दिगू, तेरे कू शरम नहीं लगती क्या बेजुबान की चुगली करते?" ही बकरी लक्षात ठेवा. पुढे तिचं काम आहे.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. घोडेगावच्या बाजारात बैलांचा व्यवहार करणारा एक व्यापारी त्याच्या ट्रकला बैलाच्या शिंगांचा रंग हवा म्हणून आला होता. शिंगांना हिंगूळ लावतात, तो लाल. मी चार छटा दाखवल्या, त्याला एकही पसंत पडेना. शेवटी तो बैलच घेऊन आला. मी बैलाच्या शिंगाशेजारी पत्र्याचे तुकडे धरून रंग जुळवत बसलो आणि रस्त्यावरची रहदारी थांबून बघत राहिली. रंग जुळला, पण निघताना बैलानं ओल्या फळीला अंग घासलं आणि पांढऱ्या कुशीवर हातभर लाल पट्टा घेऊन गेला. मी घाबरलो होतो. व्यापारी खूश झाला, आता बैल लांबून ओळखू येईल म्हणाला.

पण मला आज सांगायचंय ते सुभेदारांच्या घरगाडीबद्दल.

ते बहात्तर साल होतं. पाऊस नव्हता, आणि ज्यांनी तो दुष्काळ पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. अशा दिवसांत एके सकाळी एक लष्करी ॲम्ब्युलन्स धूर सोडत शेडपुढे उभी राहिली. लष्कराच्या लिलावात अशा गाड्या निघायच्या, नगरकरांना त्याचं नवल नव्हतं. लोक त्यांच्या चेसिसवर ट्रक बांधायचे नाहीतर सुटे भाग विकायचे. या गाडीतून एक ताठ, पिळदार मिशांचे गृहस्थ उतरले. पाय किंचित ओढत चालत होते.

"मी सुभेदार गव्हाणे, मिरजगावचा," ते म्हणाले. "मिस्त्री, या गाडीचं मला घर करायचंय."

मला वाटलं फिरता दवाखाना किंवा दुकान करायचं असेल. नाही, घरच. सव्वीस वर्षं त्यांनी फौजेत काढली होती. त्या सव्वीस वर्षांत त्यांची बायको, अनसूयाकाकू, मिरजगावात सासू-सासऱ्यांचं करत, शेती बघत, दोन मुली वाढवत राहिली. मुलींची लग्नं झाली होती, सासू-सासरे गेले होते. "मी अख्खा देश पाहिला," सुभेदार म्हणाले, "आणि तिनं मिरजगावची वेस पाहिली. पेन्शनीत निघालो की तुला सगळं दाखवीन, असा शब्द दिलाय. पण ती बाहेरचं खात नाही आणि परक्याच्या घरी झोपत नाही. मग घरच बरोबर न्यायला नको का?"

आतलं काम ते स्वतः करणार होते. रुग्णांच्या स्ट्रेचरच्या जागी दोन बाकं, स्टोव्हचा कट्टा, पाण्याची टाकी, डाळ-तांदळाची पेटी. बाहेरचं आमच्याकडे होतं. आणि बाहेरचं म्हणजे साधं नव्हतं. गाडीवर टिचक्या मारत मी एक फेरी घातली. उजवी बाजू आणि मागची दारं पार कुजलेली. टपावरचा कॅनव्हास फाटलेला. पन्हळी गंजून चाळण झालेल्या. डावी बाजू मात्र खणखणीत होती, आणि त्याच बाजूला पांढऱ्या चौकोनात ती मोठी लाल फुली होती.

"हिला हे चिन्ह बघवत नाही," सुभेदार आवाज खाली आणून म्हणाले. "घरापुढे गाडी उभी केली तर दार लावून आत बसली. म्हणाली, दवाखान्याच्या गाडीत मी पाय ठेवायची नाही. गाडी बाहेरून घरासारखी दिसली पाहिजे मिस्त्री. नाहीतर सगळं फुकट आहे."

काम घेतलं. रहीमभाईंनी उजवी बाजू काढून नवा पत्रा चढवला, दारं नवी केली. टपावरचं काम मी माझ्या हातानं केलं. जुना कॅनव्हास सोलून काढला, लाकूड घासलं, त्यावर घट्ट सफेता, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, माखला आणि तो ओला असतानाच नवा कॅनव्हास ताणून बसवला. वरून पुन्हा रंग पाजला. अशा टपातून पाण्याचा थेंब आत जात नाही. अर्थात त्या साली थेंब पडणारच कुठून, असं म्हणून रहीमभाई हसायचे. खरी पंचाईत घासायच्या कामाची झाली. लांबी घासताना पाणी-पेपर सतत भिजवावा लागतो आणि शहरात प्यायच्या पाण्याला रांगा होत्या. सुभेदार जवळच भिंगारला एका जुन्या सोबत्याकडे उतरले होते. तिथून रोज सकाळी सायकलला जेरीकॅन अडकवून ते पाणी आणायचे आणि स्वतः घासायला बसायचे. लंगडा पाय लांब करून, गुणगुणत. पत्र्यावरून तळहात फिरवून "इथे अजून उंचवटा आहे" असं ते सांगायचे आणि ते खरं असायचं. इतकं आनंदानं काम करणारं गिऱ्हाईक मी पुन्हा पाहिलं नाही.

फुलीची पाळी आली तेव्हा मी खरवडणी हातात घेतली. सुभेदारांनी माझं मनगट धरलं.

"झाका. खरवडू नका."

"का बरं?"

"पासष्टच्या लढाईत मला अशाच गाडीतनं आणलं. शुद्ध येई-जाई, पण गाडीत चढवताना, उतरवताना ही फुली दिसायची. ती दिसली की वाटायचं, वाचतो आपण. हिला नको असेल तर फुली दिसू नये, पण पुसवत नाही मला. हे तिला सांगू नका."

झाकणं सोपं आहे असं मला वाटलं. तिशीही न गाठलेला मी, हातात नवा स्प्रे आणि डोक्यात हवा. छान मलईसारखा रंग निवडला होता, खाली कमरपट्ट्यापर्यंत विटकरी. फुली जराशी घासून त्यावर रंगाचे दोन हात मारले. गाडी अशी खुलली की येणारे-जाणारे थांबायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली, तर मलईरंगावर गुलाबी फुली.

"ये तो फिर उग आई," रहीमभाई म्हणाले.

आणखी एक हात दिला, जाड. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुलाबी. बाहेरच्या लोकांना सांगतो, काही जुने लाल रंग असे असतात की वरच्या रंगातलं थिनर त्यांना विरघळवतं आणि ते वर येतात. हिरवा येत नाही, काळा येत नाही, लाल येतो. हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत नव्हतं, आणि दसरा परवावर आला होता. दसऱ्याला गाडीची पूजा करायला काकू मिरजगावहून येणार होत्या.

मग मी या धंद्यातली माझी सगळ्यात मोठी आणि सगळ्यात मूर्ख लबाडी केली. दसऱ्याच्या दिवशी गाड्यांना हार घालतातच. मी झेंडूचा एक दणदणीत हार आणला आणि पुढं न घालता डाव्या बाजूला, बरोबर फुलीवर, दुमडून-तिमडून टांगला. वर आंब्याची पानं खोचली. सुभेदारांना ते पटलं नव्हतं, पण त्यांच्याकडेही दुसरा उपाय नव्हता. फौजेत याला कॅमोफ्लाज म्हणतात, एवढंच ते म्हणाले.

काकू आल्या. ठेंगण्या, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, नजर धारदार. गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, उजव्या बाजूला हात लावून बघितला. "बरी दिसतीया," म्हणाल्या. सुभेदारांचा चेहरा फुलला. काकूंनी पायरीला हळद-कुंकू लावलं, बॉनेटवर नारळ ठेवला, निरांजन पेटवलं आणि ओवाळायला सुरुवात केली. सुभेदार हात जोडून उभे, मी हात जोडून उभा, रहीमभाई कोपऱ्यात डोकं झाकून उभे. सगळ्यांचे डोळे निरांजनावर.

आणि कचरकचर आवाज आला.

रहीमभाईंची बकरी पुढचे पाय गाडीला टेकवून झेंडू खात होती. मी धावलो तेव्हा तिनं हाराचा धागाच ओढला. हार खाली आला, आंब्याची पानं खाली आली, आणि ओवाळणीच्या उजेडात ती गुलाबी फुली सगळ्यांच्या पुढ्यात उभी राहिली. बकरी चघळत राहिली.

काकूंनी ताम्हण खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं.

"मला फसवत हुता व्हय?"

"अगं, तसं नाही..." सुभेदार म्हणाले.

"तुमाला ठाव न्हाई," काकू म्हणाल्या. बोलत होत्या नवऱ्याशी, पण बघत होत्या माझ्याकडे. "तार आली तवा तिच्यात इतकंच हुतं, जखमी झालेत, गाडीतनं हलवलंय. पुढं अकरा दिस कायबी न्हाई. ती फुलीची गाडी मी चित्रात बघितली हुती. अकरा दिस ती माझ्या डोळ्यापुढं चालली हुती, आन् रोज तिच्यात तुमी मेलेले. त्या गाडीत मी भाकरी भाजू? तिच्यात निजू?"

सुभेदारांना हे सात वर्षांत कधी कळलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडावरच दिसलं. ज्या गाडीनं त्यांना जिवंत आणलं, तीच गाडी तिकडे मिरजगावात त्यांना रोज मारत होती. मला माझ्या हाराची इतकी लाज वाटली की बकरीचे आभार मानावेसे वाटले.

काकूंनी पदर सारखा केला आणि एसटी स्टँडचा रस्ता धरला. चार पावलांवर वळून मला म्हणाल्या, "आन् दिगू, तू कसला रंगारी रं? आमच्या चुलीमागच्या भिंतीला धुराचा डाग हाय. वरनं कितीबी चुना मार, डाग वर येतोच. आदी शेनाचा हात द्यावा लागतो, मग चुना. एवढं आमच्या गावात पोरीसोरींनाबी कळतंय."

त्या वेळी ते नुसतं बोलणं लागलं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना डोक्यात उजेड पडला. काकूंनी रागाच्या भरात मला अख्खा इलाज सांगितला होता. डागावर रंग चढवत बसायचं नाही. मध्ये असं काही घालायचं, की जे खालचं वर येऊच देणार नाही. पत्र्याला शेण चालणार नाही, पण लाख चालेल. लाकूडकामाला लाखेचा चपडा लावतात, तो स्पिरिटमध्ये विरघळतो, आमच्या थिनरला तो जुमानत नाही. मी कपाट पॉलिश करणाऱ्याकडून चपडा आणला. वरचा मलईरंग घासून काढला, फुलीला हात लावला नाही. चपड्याचे दोन हात, त्यावर चांदी रंगाचा एक, त्यावर मलई. या वेळी घाई केली नाही. प्रत्येक हाताला वाळू दिलं आणि रोज सकाळी शेड उघडताना आधी देवाचं नाव घेतलं.

फुली आली नाही. पण काकूंना ते आता सांगून पटणार नव्हतं. त्यांनी सुभेदारांमार्फत निरोप पाठवला, गाडी घरापुढं महिनाभर उभी राहू दे, मी रोज बघीन. सुभेदार गाडी घेऊन मिरजगावला गेले. महिनाभर त्यांचं पत्र नाही, निरोप नाही. त्या महिन्यात मी दोन गिऱ्हाइकांशी भांडलो आणि एका ट्रकवर मालकाचं नाव उलटं लिहिता लिहिता वाचलो. शेवटी राहवेना. मलईरंगाचा एक डबा पिशवीत टाकून, लागला तर असावा म्हणून, मी एसटीनं मिरजगाव गाठलं.

लिंबाखाली गाडी उभी होती, डावी बाजू रस्त्याकडे. फुली नव्हती. पण मी कपाळावर हात मारला. त्या नितळ पत्र्यावर, ज्याच्यासाठी सुभेदारांनी जेरीकॅननं पाणी वाहिलं, चार भले मोठे खिळे ठोकलेले होते! दोन खिळ्यांना दोरी बांधून लुगडं वाळत घातलेलं, तिसऱ्याला चाळण, चौथ्याला कंदील. बॉनेटवर सांडगे उन्हात पसरलेले. मागच्या पायरीशी डब्यात तुळस लावलेली.

"काकू! पत्र्याला खिळा मारायचा नसतो! पाणी आत जातं, गंज धरतो!"

काकू गाडीच्या दारातून डोकावल्या. आत स्टोव्हवर काहीतरी शिजत होतं. "ये दिगू. घर म्हटल्यावर खिळा लागतोच की. तुज्या घरात खिळं न्हाईत?"

मी पायरीवर बसलो आणि हसत सुटलो. महिना व्हायची वाट न बघता त्या राहायला गेल्या होत्या. सुभेदार शेजारी पाटावर बसून कांदा चिरत होते, मिशीआडून हसत होते. "आठव्या दिवशीच पाय ठेवला तिनं," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला कळवायचं तर म्हणाली, राहू द्या, त्यालाबी जरा झुरू द्या." त्या दिवशी मी गाडीतली पिठलं-भाकरी खाल्ली. रंगकाम केलेल्या गाडीत जेवायची वेळ माझ्यावर एकदाच आली.

मग ते निघाले. आणि दरवर्षी एकदा, कधी दोनदा, गाडी शेडमध्ये येऊ लागली. आमच्या धंद्यात याला वरचेवरची डागडुजी म्हणतात, पण या गाडीच्या बाबतीत ती काकूंनी केलेल्या सुधारणांची दुरुस्ती असे. नवे खिळे काढायचे, भोकं बुजवायची, त्या जागी पत्र्याच्या आतून लाकूड देऊन नीट पितळी हूक बसवायचे. मी हूक बसवायचो, त्या शेजारी खिळा मारायच्या. पन्हळीत एकदा कोथिंबीर उगवलेली होती. ती चुकून नव्हती, पेरलेली होती.

सगळ्यात मोठा घोळ समुद्राचा. काकूंना समुद्र बघायचा होता, सुभेदारांनी कोकणात नेलं. परत आले तर गाडीचं बूड, चाकांवरच्या कमानी, दारांच्या कडा, सगळीकडे लाल गंजाचे फोड. नव्या पत्र्याला वर्ष झालं नव्हतं. मी सुभेदारांना विचारलं, गाडी पाण्यात घातली होती का? ते काकूंकडे बघायला लागले.

काकू अभिमानानं म्हणाल्या, "आरं, केवढं ते पानी! कुनाची रांग न्हाई, कुनी नको म्हनत न्हाई. आपल्याकडं घागरीला घागर आपटत हुत्या बाया, आन् तिथं नुसतं वाया चाललेलं. मी म्हटलं, गाडीला एकदा पोटभर आंगुळ घालावी. पाच दिस रोज धुतली बघ. बादल्या मी वाहिल्या, ह्यांना हात लावू दिला न्हाई."

खारं पाणी पत्रा खातं हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो? दुष्काळातून गेलेल्या बाईनं आपल्या घराला प्रेमानं पाच दिवस अंघोळ घातली होती. रहीमभाईंनी तोंड फिरवलं, त्यांचे खांदे हलत होते. आम्ही गोड्या पाण्यानं गाडी धुतली, गंज घासला, गंज थोपवणारं रेड ऑक्साइड दिलं, बुडाला डांबराचा हात दिला आणि काकूंना एवढंच सांगितलं, की समुद्राचं पाणी गाडीला सोसत नाही, माणसाला सोसतं. "मग मीच करीन आंगुळ," त्या म्हणाल्या.

दोन वर्षं अशी गेली. एवढ्या काळात फुलीचा विषय कुणी काढला नाही. डावी बाजू मी दरवेळी मऊ कापडानं पुसायचो आणि सुभेदार नेमके त्या वेळी दुसरीकडे बघायचे. आमच्या दोघांत ते गुपित होतं आणि मला त्याचा थोडा त्रासही व्हायचा. हाराची लबाडी उघडी पडली होती, ही अजून झाकलेलीच होती.

मग पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात, वेळ नसताना, गाडी शेडपुढे येऊन थांबली. पूर्ण थांबायच्या आत काकू खाली उतरल्या. हातात पिशवी, चेहरा तापलेला.

"दिगू, ती फुली परत काड."

मला वाटलं रंग फुटून फुली वर आली आणि त्या तक्रार करताहेत. मी घाईघाईनं डाव्या बाजूला गेलो. बाजू स्वच्छ होती.

"तसं न्हाई रं. नवी काड. मोठी. लांबनं दिसाय पायजे."

वेरूळहून परत येताना घोडेगावाच्या अलीकडे त्यांना रस्त्याच्या कडेला एक बैलगाडी दिसली. गाडीत एक अडलेली बाई, जवळ रडकुंडीला आलेला नवरा. काकूंनी तिला उचलून आपल्या बाकावर घेतलं आणि सुभेदारांनी गाडी दवाखान्याकडे दामटली. पण घोडेगावचा बाजाराचा दिवस. रस्ताभर बैल, म्हशी, शेळ्या, गाड्या. सुभेदार हॉर्न वाजवून थकले, कुणी बाजूला होईना.

"ह्या रंगानं घात केला," काकू म्हणाल्या. "मलईची गाडी, तुळस, दोरीवर लुगडं. लोकांना वाटलं, कुनी हौशी फिराय निघालेत. एक जन म्हनतो, आजी, काय विकताय? आतनं बाई वरडतीया, आन् हा म्हनतो काय विकताय! मग मी उलथनं घेतलं आन् परात बडवत गाडीम्होरं चालले. 'सरका रं, बाई अडलीया, सरका!' तवा म्हशी सरकल्या, मानसं त्यांच्या मागनं."

"मग? पोचलात?"

"कशाचं पोचतोय? तिथंच, बैलांच्या बाजारात, माज्या बाकावर झाली." काकूंनी श्वास घेतला आणि एकदम त्यांचे डोळे भरले. "पोरगी. ही अशी. पहिल्यांदा रडली तवा बाहेरचं सगळं गुमान झालं. पुढं दोघींना दवाखान्यात पोचवलं. बरी हायेत. आन् मी तिथं पायरीवर बसले आन् म्हटलं, अनसूये, फुली असती तर रस्ता मिळाला असता. मी त्या फुलीला मरनाची समजत बसले. तिच्यातनं मानसं जगायसाठी जात्यात, हे मला कुनी सांगितलंच न्हाई."

सुभेदार माझ्याकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच त्यांनी नजर वळवली नाही. नुसती मान हलवली.

मी लाल रंगाचा डबा उघडला नाही. पाणी-पेपर भिजवला आणि डाव्या बाजूला, मला पाठ असलेल्या जागी, घासायला सुरुवात केली. मलईरंग गेला. चांदी गेली. चपड्याचा तपकिरी थर विरत गेला. सुभेदार शेजारी येऊन लंगडा पाय लांब करून बसले आणि दुसऱ्या टोकानं घासू लागले. मग लाल दिसलं. आधी बोटाएवढं, मग हाताएवढं, मग एक आडवी भुजा, मग उभी. जिला झाकता झाकता माझ्या नाकी नऊ आले होते, ती तासाभरात जशीच्या तशी वर आली. रंगाचा एक कण उडालेला नव्हता. इतक्या वर्षांच्या धंद्यात माझ्या हातचं सगळ्यात टिकाऊ काम कुठलं विचाराल, तर मी न रंगवलेली ती फुली.

काकू जवळ आल्या. फुलीवर तळहात ठेवला.

"म्हंजी ही हितंच हुती? सारा वेळ?"

"यांनी खरवडू दिली नाही," मी म्हणालो. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. सुभेदार फौजेत साहेबापुढे उभे राहतात तसे ताठ उभे राहिले. मला वाटलं, आता पुन्हा एसटी स्टँडचा रस्ता. काकूंनी त्यांच्या बाहीला लागलेला चपड्याचा चुरा पदरानं झटकला.

"लई लबाड मानूस," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मी तो सूर आधी कधी ऐकला नव्हता, आणि त्या वयाच्या सुभेदारांचे कान लाल झाले.

मी फुलीभोवती पांढरा चौकोन आखायला ब्रश शोधू लागलो. काकूंनी पिशवीत हात घातला आणि झेंडूचा एक जाडजूड हार बाहेर काढला. गाडीकडे दोन पावलं टाकली, थबकल्या, आणि शेडच्या कोपऱ्याकडे बघून मला म्हणाल्या,

"दिगू, आदी ती बकरी बांद."